कोरडं ताट

प्रिय वहिनी,

परवा फोन तुटला नव्हता, मीच ठेवला. बॅटरी संपली असं मी नंतर चिमणीला सांगितलं, तिने ते तुला सांगितलं असेल, आणि तुला ते पटलं नसेल. मला खोटं बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? लहानपणी डब्यातली साखर खाऊन आलो की तू काही विचारायची नाहीस, नुसती बघत राहायचीस, आणि मी आपला आपणच ओठ पुसायचो. फोनवर तोंड दिसत नाही म्हणून वाचलो. पण तू विचारलंस ते कानातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं. चौथीत शाळेला रामराम ठोकला त्यानंतर सही सोडून काही लिहिलं नाही. एखादा शब्द लागला नाही तर चिमणीकडून वाचून घे. नाहीतर नको, हे पत्र तू एकटीनेच वाच.

तू एकच विचारलंस. दादा त्या दिवशी जेवून गेला होता का रे? बाकी तुला सगळं कळलंच आहे. तो कारखान्यात शिडीवर चढला होता, तिथून कोसळला, आणि खाली येईपर्यंत काळीज थांबलेलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तुला ते कारण नकोच होतं. तू म्हणालीस, सकाळीच फोनवर आमचं वाजलं होतं. तो म्हणाला अजून एक वर्ष इकडेच राहतो, आणि तू म्हणालीस, तिकडचंच अन्न गोड लागतंय तर राहा तिकडेच. त्यावर तो म्हणाला, मला आता जेवणच नको, आणि फोन ठेवला. ते त्याचं तुझ्याशी शेवटचं बोलणं. आणि मग शेजारच्या खोलीतला रंगारी दादाचा देह घेऊन तिकडे घरी आला, त्याच्या तोंडून तू ऐकलंस की मुकादम म्हणत होता, उपाशीपोटी चढला असेल, आली चक्कर. तेव्हापासून तू काय करतेस ते चिमणीने मला सांगितलंय. ताट वाढून घेतेस, समोर बसतेस, आणि मग त्यावर दुसरं ताट झाकून उठतेस. तुझी पोर घाबरली आहे, वहिनी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. परवा नव्हतं. पण ते एका शब्दात सांगितलं तर तू म्हणशील, भिंगरी माझी समजूत काढतोय. म्हणून आधी आम्ही काय शिजवायचो आणि कसं शिजवायचो ते सांगतो. तुझा सगळा जन्म चुलीपुढे गेला, तुला भांड्याची भाषा कळते. भांडं काय म्हणतंय ते तूच ठरव.

आमच्या खोलीत गॅस नाही. मालकीणबाई खाली राहतात, एकट्याच असतात, आणि त्यांची सक्त ताकीद आहे की वर जाळ पेटवायचा नाही. जिना लाकडाचा, जमीन लाकडाची, एक ठिणगी पडली की सगळा खेळ खलास. दादा इकडे परमुलखात पहिल्यांदा आला तेव्हा कित्येक महिने पाव आणि डब्यातलं थंड काहीबाही खात होता. तुला फोनवर सांगायचा, मस्त जेवतो म्हणून. शेवटी बाईंनाच दया आली. त्यांनी पलंगाखालून एक विजेचं भांडं काढून दिलं. बाहेरून पत्रा, आत पांढऱ्या रंगाचं जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण आणि समोर एक बटण. स्लो कुकर म्हणतात त्याला. एका दिव्याइतकी वीज खातो आणि पहाटे लावलं की दुपारपर्यंत हळूहळू शिजवत बसतो. दादाने त्याचं नाव ठेवलं कासव. मी आलो त्या दिवशी त्याने मला खोली दाखवली ती अशी: ही तुझी खाट, ही माझी खाट, आणि हा आपला तिसरा, कासव.

बाईंच्या दोन अटी होत्या. एक, स्टीलचा चमचा भांड्याला लावायचा नाही, आतली चकाकी जाते, लाकडी पळीच वापरायची. आणि दुसरी, शिजताना झाकण उघडायचं नाही. पहिली सोपी होती. दुसरीने माझा जीव घेतला. तू मला भिंगरी म्हणायचीस ते काही उगाच नाही. गॅरेजात टिकलो नाही, टेम्पोवर टिकलो नाही, बेकरीत तर उन्हाळा संपायच्या आत पळालो. मला कसली वाटच बघवत नाही. सुट्टीच्या दिवशी कासव चढवलं की मी दर थोड्या वेळाने झाकण उचलून बघायचो. दादा खाटेवरूनच ओरडायचा, अरे वाफ गेली की पुन्हा पहिल्यापासून तापावं लागतं त्याला, तू काय बटाट्यांची हजेरी घेतोयस का? एकदा त्याने झाकणावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. आता उचल म्हणाला. मी हात मागे बांधून बसलो, आणि तो तोंडावर पांघरूण घेऊन इतका हसत होता की खाट हलत होती.

आता पदार्थ ऐक. क्रीम घातलेला हॅम आणि बटाट्याचा कॅसरोल. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे अन्न गरम ठेवायचा डबा, इकडे पदार्थालाच तसं म्हणतात. हॅम म्हणजे डुकराची मांडी, मिठात मुरवून धुरावर शिजवलेली. नाक मुरडू नकोस, माझं पोट त्याच्यावरच चालतं. मी ज्या कारखान्यात आहे तिथे हॅमचे मोठे लंबगोल गोळे येतात आणि मशीन त्यांच्या कागदासारख्या पातळ चकत्या करतं. गोळा संपत आला की शेवटचं टोक मशीनमध्ये बसत नाही, घसरतं. ती टोकं विकली जात नाहीत. आमच्या पाळीचा वजनकाट्यावरचा म्हातारा आठवड्यातून एकदा ती कामगारांना वाटतो. मला तो नेहमी दोन पुड्या द्यायचा. दोन भाऊ ना तुम्ही, म्हणायचा.

बटाटे सोलून पातळ चकत्या करायच्या आणि त्या तळाला लावायच्या, कारण बटाटा हट्टी, त्याला आच सगळ्यात जास्त लागते. त्यावर बारीक चिरलेला कांदा. त्यावर हॅमचे तुकडे, तो शिजलेलाच असतो, त्याला फक्त ऊब हवी. पुन्हा बटाटा, पुन्हा कांदा, पुन्हा हॅम. मग डब्यातलं घट्ट सूप थोड्या दुधात फेटून वरून ओतायचं, मिरपूड टाकायची, झाकण लावायचं आणि कामावर निघून जायचं. क्रीम आणि किसलेलं चीज मात्र अगदी शेवटी. पहिल्या वेळी मी शहाणपणाने क्रीम पहाटेच ओतलं. दुपारी दादाने झाकण काढलं तर सगळं फाटलेलं, पाणी वेगळं आणि गोळे वेगळे. तरी त्याने खाल्लं, आणि मला चिठ्ठी न ठेवता क्रीमचा रिकामा डबा माझ्या उशीवर ठेवून गेला. मी घरी येऊन झोपायला गेलो तर कानाखाली डबा.

मिठाचं तर विचारूच नकोस. हॅम मुळातच खारट असतो हे मला माहीत नव्हतं, मी पहाटे सवयीने मीठ घातलं. दादा उठला, त्याला वाटलं धाकटा विसरला असणार, त्याने पुन्हा घातलं. त्या दिवशी तो कारखान्यात इतकं पाणी प्यायला की मुकादमाने विचारलं, समुद्र गिळून आलास का. तेव्हापासून मिठाचा डबा कपाटाच्या वर गेला तो गेलाच.

हे असं व्हायचं, कारण आम्ही एका खोलीत राहूनही जागेपणी भेटायचोच नाही. मी उजाडायच्या आत निघायचो तेव्हा तो झोपलेला. तो दुपारी निघायचा, मी त्यानंतर परतायचो. तो परत येईपर्यंत मी झोपलेलो. मी त्याला झोपलेला बघायचो आणि तो मला. सुट्टीचा दिवस सोडला तर आमचं बोलणं म्हणजे कासव. कांद्याचे तुकडे मोठे दिसले की त्याला कळायचं, आज धाकट्याला उठायला उशीर झाला. मिरपूड नाकात गेली की मला कळायचं, आज दादासाहेबांचं डोकं फिरलेलं आहे. कधी तो चीजवर हॅमच्या तुकड्यांनी गाढवाचं तोंड काढून ठेवायचा, लांब कान आणि दोन डोळे. मी आधी कान खायचो.

आणि खरवड. वहिनी, हे सगळं मी ज्याच्यासाठी लिहितोय ते हे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा आई जाऊन बरेच दिवस झाले होते आणि मी एवढासा होतो. तू दूध आटवलंस की पातेलं थेट माझ्यापुढे ठेवायचीस, वर एक चमचा द्यायचीस, आणि मी पातेल्यात डोकं घालून बसायचो. दादा शेजारीच बसलेला असायचा. तू त्याला विचारलंस, तुम्हाला नको का थोडी? तो म्हणाला, छे, करपलेलं मला आवडत नाही. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. मीही नाही.

कासवाच्या आत भांड्याच्या कडेने अशीच खरवड धरते. सूप आणि बटाट्याचं पीठ कडेला चिकटून वाळतं आणि तपकिरी होतं, चिवट, खारट, धुराच्या वासाची. पदार्थातलं तेच सगळ्यात भारी. आणि दादा आपल्या वाटणीचं नेहमी मधूनच काढून घ्यायचा. न्हाव्याने कानाला वस्तरा न लावता कापावं तशी ती कड सांभाळून. मी घरी यायचो तेव्हा मध्ये खड्डा आणि भोवती सगळी खरवड गोल शाबूत. मी लाकडी पळीने ती उकरून खायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं याला आवडत नाही.

आता तो दिवस. मी घरी आलो, जिन्यावरच वास आला. कासवाचं बटण ऊब ठेवायच्या खुणेवर होतं, म्हणजे दादाने क्रीम-चीज घालून ठेवलं होतं. मी झाकण उचललं. वर चीजचा थर, सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नेहमीपेक्षा जाडच. मध्ये खड्डा नाही. मी घडवंचीकडे पाहिलं. दादाचं ताट पहाटे मी पालथं घातलं होतं तिथेच तसंच पालथं होतं. हात लावून पाहिला, कोरडं. वाटी कोरडी. मला वाटलं, आज हा न जेवता गेला की काय. इतकंच वाटलं, त्यात काही नव्हतं. पळी हातात घेतली आणि जिन्यावर रंगाऱ्याची पावलं वाजली. तो रोज असा धावत येत नाही. त्याच्या अंगावर कारखान्याचे कपडे होते आणि रंगाचा ब्रश हातातच राहिला होता. मी झाकण परत ठेवलं आणि त्याच्याबरोबर निघालो.

दवाखान्याच्या बाकावर मुकादम माझ्या शेजारी बसला होता. तो वाईट माणूस नाही, त्याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलला. म्हणाला, काही खाऊन आला होता ना रे हा? माझ्या डोळ्यांपुढे ते कोरडं ताट आलं. मी काहीच बोललो नाही. मी बोललो नाही त्याचा त्याने जो अर्थ काढला तो रंगाऱ्याने ऐकला, आणि तोच तुझ्यापर्यंत पोचला. परवा तू विचारलंस तेव्हाही तेच ताट दिसलं. हो म्हणावं तर तुला कळलं असतं मी साखर खाऊन आलोय. नाही म्हणावं तर तू जन्मभर उपाशी बसली असतीस. म्हणून फोन ठेवला.

दादाबरोबर मला यायचं होतं. कारखाना बदलल्यामुळे माझे कागद अडकलेले होते, गेलो असतो तर परत येता आलं नसतं. मी म्हणालो, नाही आलं तर नाही, खड्ड्यात गेली नोकरी. रंगाऱ्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, तिकडे एक बाई आणि एक पोरगी आहे, दोघेही भाऊ एकदम घरी गेलात तर त्यांनी बघायचं कुणाकडे? त्याचं बरोबर होतं. पण गाडी निघाली तेव्हा मी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत पळालो. आयुष्यभर जिथून तिथून पळत आलो, आणि ज्याच्या मागे जायचं होतं त्याच्या मागे नेमकं जाता आलं नाही. दादाच्या अंगावरच्या कपड्यांची आणि खिशातल्या सामानाची पिशवी रंगाऱ्याने तुला दिली. चिमणी म्हणते ती तू अजून सोडलेली नाहीस, कपाटावर तशीच आहे.

मी त्या दिवसांत खोलीत फक्त झोपायला जात होतो. कासवातलं अन्न तसंच राहिलं होतं. मालकीणबाईंनी एक दिवस वर येऊन ते उचलून नेलं, फेकलं, भांडं धुऊन आणून ठेवलं. दादाने माझ्यासाठी लावून ठेवलेलं शेवटचं जेवण मी तोंडात घातलं नाही. पण आता ते असो.

या आठवड्यात वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्याने हॅमची टोकं वाटली. मला दोन पुड्या दिल्या. मग त्याच्या लक्षात आलं, त्याचा हात तसाच हवेत राहिला, परतही घेता येईना आणि देताही येईना. मी त्याच्या हातातून दोन्ही घेतल्या. काल मला सुट्टी होती. सकाळी बटाटे सोलायला बसलो आणि हाताने आपोआप दोघांचे सोलले. म्हटलं, सोललेत तर शिजू देत. थर लावले. झाकण लावलं, आणि त्याच्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. दुपारपर्यंत मी झाकणाला हात लावला नाही, वहिनी. खिडकीशी उभा राहिलो. खाली एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, ती त्याला बसत नव्हती, तेच बघत राहिलो.

वास खाली गेला असणार. मालकीणबाई जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, एरवी त्या वर येत नाहीत. दारात उभ्या राहून धाप टाकत म्हणाल्या, शिजवलंस शेवटी. मी क्रीम घातलं, चीज घातलं, त्यांना बसा म्हणालो, दोन ताटं घेतली आणि मधून वाढायला लागलो. दादाचीच सवय हाताला लागली बघ, आपणही मधूनच घ्यायचं. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, कडेची खरवड का सोडतोस? खा की ती. आता कोण चोरणार आहे तुझ्या वाटणीची? आणि एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात ठेवला, नको ते निघून गेल्यासारखा.

मी विचारलं, चोरणार म्हणजे? आधी त्या सांगेनात. म्हणाल्या, त्याला शब्द दिला होता, धाकट्याला सांगणार नाही म्हणून. मग चमचा खाली ठेवला आणि सांगायला लागल्या. दादा गेला त्या दिवशी दुपारी त्या खाली आडव्या झाल्या होत्या आणि वरून आवाज यायला लागला, कर्र कर्र, भांडं खरवडल्याचा. लाकडी पळीचा आवाज असा येत नाही. माझं भांडं, म्हणून त्यांनी झाडूचा दांडा घेऊन छताला ठोकला. आवाज थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू, पण हळूच, उंदरासारखा. त्यांनी पुन्हा ठोकला. मग जिना वाजला आणि दादा दारात. हातात स्टीलचा लांब दांड्याचा चमचा, मिशीला सूप लागलेलं. म्हणाला, बाई, थोडं चीज मिळेल का? त्या म्हणाल्या, आधी हे सांग, स्टीलने माझं भांडं का खरवडतोयस? तर हा हसायला लागला. म्हणाला, धाकट्याच्या वाट्याची खरवड खाल्ली, सगळी. लाकडाने नीट निघत नाही. तो पोर होता तेव्हापासून राखत आलो, करपलेलं आवडत नाही म्हणून सांगत आलो, आज राहवलं नाही. उभ्याउभ्याच भांड्यातून सुरू केलं आणि बघतो तर एका बाजूला विहीर पडली. आता वर चीज पसरून बुजवतो, त्याला कळायला नको.

बाईंनी विचारलं, एवढी कसली रे भूक लागली होती? आणि वहिनी, त्याने काय उत्तर दिलं ते बाईंच्या शब्दांत जसंच्या तसं सांगतो. तो म्हणाला, बायकोशी भांडलो की मला राक्षसासारखी भूक लागते. आणि मी तर तिला रागात सांगून बसलोय की जेवणारच नाही. तिला कळलं तर म्हणेल, बघा, मीच जिंकले. तेव्हा तिलाही सांगायचं नाही आणि धाकट्यालाही नाही. मग चीज घेऊन वर गेला, आणि कामाला निघताना पुन्हा त्यांच्या दारावरून पोटावर हात फिरवत गेला. चमचा त्याच्या शर्टाच्या खिशात उभा होता, असं त्या म्हणाल्या.

बाई गेल्यावर मी भांडं रिकामं केलं आणि धुऊन खिडकीपाशी उजेडात धरलं. आत पांढऱ्या चकाकीवर कडेने गोल राखाडी रेघा आहेत, बारीक बारीक, एकीला लागून एक, पार सगळीकडे फिरलेल्या. एक इंचही सोडलेला नाही. माझ्या लाकडी पळीच्या त्या नाहीत. मी बोटाने घासून पाहिल्या. जात नाहीत.

म्हणून लिहितोय. फोनवर सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस आणि पुन्हा ताट झाकलं असतंस. ताट कोरडं होतं कारण तो ताटात जेवलाच नाही. त्याने भांड्यातून खाल्लं, उभ्याने, चोरून, दोघांवर मात करून, जे आपण दोघांनी त्याला इतकी वर्षं कधी दिलं नाही ते. पोट भरून गेला, वहिनी, आणि तुझ्यावर हसत गेला. आता तू एक कर. कपाटावरची ती पिशवी काढ आणि तिची गाठ सोड. त्यात तुझा तो लांब दांड्याचा चमचा असेल, दादा इकडे यायला निघाला तेव्हा तू त्याच्या डब्यात घातलेला. त्याला चमचा नीट धुवायची सवय कधीच नव्हती हे तुला माहीत आहे. उजेडात धरून दांडा जिथे चमच्याला मिळतो तिथे बघ, काही चिकटलेलं दिसलं तर ते त्याचं जेवण. बघून झालं की चमचा धू, चिमणीला शेजारी बसव, आणि त्याच चमच्याने जेव. तूच जिंकलीस हे त्याने बाईंपुढे कबूल केलं होतं, आता ताटावर ताट झाकून हरू नकोस.

तुझाच,
खरवडीचा धनी,
भिंगरी